चाळणीबाईंच्या लखलखीत पळ्या

चाळणीबाईंना तोंडावर चाळणीबाई म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. पाठीमागे मात्र मालकांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे तेच म्हणत, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. आपल्या नजरेतून काही निसटत नाही याची ही पावतीच आहे, असं त्या समजत. चाळणीला भोकं असतात, एवढी साधी गोष्ट एकोणीस वर्षांत त्यांच्या मनात आली नव्हती.

कारखाना बेताचाच होता. पत्र्याचं उंच छप्पर, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला तासायची यंत्रं आणि मधोमध काचेच्या दाराची बाईंची खोली. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम आणायचं, वितळवायचं, लोखंडी साच्यांत ओतायचं आणि चाकांच्या खुर्च्यांचे सुटे भाग करायचे, हा तिथला धंदा. लहान मुलांच्या खुर्चीचं पुढचं छोटं चाक ज्यात बसतं तो मुठीएवढा ब्रॅकेट ही तिथली खासियत. बाई रसायनशास्त्राच्या पदवीधर आणि कारखान्याच्या एकमेव परीक्षक. धातूत काय हवं ते आहे आणि काय नको ते आहे, हे सांगायचं त्यांचं काम. ते सांगता सांगता माणसांत काय नको ते आहे हेही त्या सांगून टाकत, आणि त्याचा वेगळा पगार मागत नसत.

भंगारवाल्याला तर त्या माणसांत धरतच नव्हत्या.

"हे काय आणलंस?" पोत्यातून दाराची एक मूठ उचलून त्या विचारत.

"अ‍ॅल्युमिनियम, बाई. बघा की कसं चकाकतंय."

"चकाकतं तर तुझं टक्कलही. हातात घेऊन बघ. जड लागतं ना? हे जस्त आहे. हे भट्टीत गेलं की माल साच्यात असतानाच तडकतो. तुझ्या डोक्यात काय ओतलंय कोण जाणे."

मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एकेक थेंब तुकड्यांवर टाकून त्या त्याला शिकवण्याच्या नावाखाली झोडपत. थेंबाखाली डाग काळा पडला तर तांबं किंवा जस्त मिसळलेलं आहे, करडा पडला तर सिलिकॉन आहे, आणि पांढरंच राहिलं तर बहुधा निव्वळ अ‍ॅल्युमिनियम, जे इतकं मऊ की त्याचा ब्रॅकेट केला तर पोर बसल्याबरोबर चाक वाकडं होईल. "सिलिकॉन हवं, म्हणजे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. चिमूटभर मॅग्नेशियम हवं, म्हणजे ताकद येते. आणि लोखंड नको. ते एकदा आत शिरलं की बाहेर काढता येत नाही. तुझ्यासारखं." भंगारवाला हसत असे. बाई हसत नसत.

पण भंगारवाला पडला परका. बाईंच्या तुच्छतेचा खरा मानकरी घरातलाच होता. भट्टीवर उभा राहणारा माणूस त्यांचा सख्खा धाकटा दीर. अकरा वर्षांपूर्वी बाईंनीच त्याला इथे चिकटवून दिला होता, आणि चिकटवताना मालकांना सांगितलं होतं, "दुसरं काही जमत नाही त्याला. आगीपाशी उभं राहायला अक्कल लागत नसेल तर ठेवून घ्या." हे वाक्य दिराच्या समोरच बोललं गेलं. तो तेव्हाही काही म्हणाला नाही. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. वय शेचाळीस, झळांनी एक डोळा अधू झालेला, दंडांवर जळाल्याचे बारीक पांढरे ठिपके, आणि प्रश्न विचारला की आधी जमिनीकडे बघायची सवय. घरी चौघं एकत्र जेवायला बसली तरी वहिनी बोलायची, तिचा नवरा वर्तमानपत्र वाचायचा आणि दीर मुकाट्याने भाजी वाढून घ्यायचा.

सगळं सुरू झालं एका ठिपक्यापासून. तासून आलेल्या एका ब्रॅकेटच्या पोटात बाईंना खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा कण दिसला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, सुईने उकरला, आणि ब्रॅकेट तळहातावर घेऊन त्या तडक भट्टीपाशी गेल्या. तिकडे त्या सहसा फिरकत नसत. तिथल्या धुराने त्यांचं डोकं चढे, आणि तिथल्या माणसांनी उरलेलं. आज गेल्या तर पहिलीच नजर पडली ती पळ्यांवर. वितळलेला रस काढायच्या, हातभर दांड्याच्या तीन लोखंडी पळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. आतून-बाहेरून पांढऱ्या, पोपडे धरलेल्या, जुनाट भिंतीसारख्या. रस ढवळायचा दांडाही तसाच.

"ही काय अवकळा?" बाईंनी विचारलं.

"लेप आहे, वहिनी. खडूची पूड आणि ते चिकट द्रावण. रोज सकाळी लावतो."

"कशासाठी?"

दीर जमिनीकडे बघू लागला. "लावायचा असतो."

"असतो म्हणजे? कारण काय?"

"आमचे उस्ताद लावायचे. म्हणायचे, उघडी पळी रसात घालू नये."

"का घालू नये?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

"माहीत असतं तर सांगितलं असतं ना. हा बघ तुमच्या उस्तादांचा खडू, मालाच्या पोटात निघालाय. एखाद्या लेकराच्या खुर्चीत गेला असता. उद्यापासून सगळ्या पळ्या तारेच्या ब्रशने घासायच्या. मला त्यात तोंड दिसलं पाहिजे."

"वहिनी, ते राहू द्या. रस बिघडेल."

"कसा बिघडेल? सांग. मी ऐकते आहे."

त्याला सांगता आलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. बाई पूर्ण अर्धा मिनिट थांबल्या, घड्याळात बघत, आणि मग परत खोलीत जाऊन त्यांनी लेखी सूचना काढली. पळ्या, ढवळायचा दांडा आणि रसात जाणारी प्रत्येक लोखंडी वस्तू रोज घासून लखलखीत करावी. खाली तारीख, खाली सही. सूचना भट्टीसमोरच्या खांबावर डकवली गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी दीर तास-दीड तास पळ्या घासत बसे. त्याला जायची घाई असली तरी बाईंना नसे. त्या खिशातून पांढरा रुमाल काढून पळीच्या आतून फिरवत. रुमाल मळला की पळी परत. आठवड्याभरात पळ्या अशा चमकू लागल्या की मालक पाहुण्यांना मुद्दाम भट्टी दाखवायला आणू लागले. "आमच्याकडची स्वच्छता बघा," ते म्हणत. मालकांना धातूतलं एवढंच कळे की तो गरम असताना हात लावू नये. पाहुण्यांना तेवढंही कळत नसे, त्यामुळे सगळे खूश होते.

तीन आठवड्यांनी खुर्च्या जोडणाऱ्या कंपनीतून एक खोकं परत आलं. तिथे दर महिन्याला काही खुर्च्यांवर वाळूची पोती ठेवून त्या पायरीवरून खाली सोडून बघतात. या वेळी दहातल्या चार ब्रॅकेटचे तुकडे झाले होते. चांगला ब्रॅकेट आधी वाकतो, मग चिरतो. हे वाकलेच नव्हते, बिस्किटासारखे मोडले होते. मालकांनी ते तुकडे बाईंच्या टेबलावर ओतले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

बाईंनी एक तुकडा उचलून मोडलेली कड उजेडात धरली. चांगल्या मालाची कड करडी, बारीक कणांची असते. ही कड चमचमत होती, अभ्रकाचे पापुद्रे चिकटवल्यासारखी.

"लोखंड," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"रसात लोखंड मिसळलंय. रस गोठताना त्याची सुईसारखी, पात्यासारखी स्फटिकं होतात. मालाच्या पोटात सुऱ्या भरून ठेवल्यासारखं. भार आला की तिथूनच फाटतं."

"पण आलं कुठून?"

"आणखी कुठून येणार? भंगारात इंजिनाचे तुकडे येतात, त्यात बोल्ट अडकलेले असतात. वितळवायच्या आधी चुंबक फिरवून ते काढायचे असतात. काम भट्टीवाल्याचं आहे."

दिराकडे बोट दाखवताना त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. उलट आपण नात्यागोत्याला भीक घालत नाही हे मालकांना दिसलं, याचं त्यांना बरंच वाटलं.

दिराला बोलावण्यात आलं. "बोल्ट राहिला होता का?" मालकांनी विचारलं.

"मी चुंबक फिरवला होता." मग तो बाईंकडे न बघता म्हणाला, "पळ्या..."

"पळ्यांचं काय?" बाई म्हणाल्या. "या कारखान्यातली स्वच्छ अशी तेवढीच एक वस्तू आहे."

तुकड्यांवर मागच्या आठवड्यातल्या मंगळवारचा शिक्का होता, आणि मालकांना तेवढं पुरेसं होतं. मंगळवारी केलेले बारा ब्रॅकेट परत मागवायचे, भट्टीवाल्याला शनिवारी काढून टाकायचं, आणि दोषी माणसाला काढलं असं कंपनीला कळवायचं. एका दिवसाची चूक, एका माणसाची चूक, प्रकरण मिटलं. "बाई, तुम्ही फक्त शनिवारी सकाळी अहवाल द्या," ते म्हणाले. "लोखंड किती होतं, तेवढा आकडा टाका."

गुरुवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरून धाकटी जाऊ खाली आली. बाई भांडी विसळत होत्या. जाऊ दारातच उभी राहिली.

"ताई, तुमच्या दिराने जेवण टाकलंय."

"एक वेळ उपाशी राहून कोणी मरत नाही."

"मरत नाही, खरंय. पण एका डोळ्याने अधू असलेल्या भट्टीवाल्याला दुसरीकडे कोणी उभं करणार नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"मग त्याने चुंबक नीट फिरवायचा होता."

"फिरवला म्हणतात ते. तुम्हाला खोटं वाटतं?"

"मला काही वाटत नसतं. मी तपासते."

"तपासलंत?"

बाईंनी एक पातेलं गरजेपेक्षा जास्त वेळ विसळलं.

"नाही ना?" जाऊ म्हणाली. "आधी नाव घेतलंत, आता तपासणार. म्हणजे लग्न आधी आणि मुलगी बघणं नंतर. तुमच्या त्या काचेच्या नळ्या काय म्हणाल्या ते मला सांगा, मी निमूट वर जाते."

"अहवालात येईल."

"येऊ द्या. फक्त त्यांचं नाव नीट लिहा. तुम्ही त्यांना कधी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही, म्हणून सांगते." एवढं बोलून ती जिना चढून गेली, आणि जाताना तिने दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बाईंना तिला चार शब्द सुनावता आले असते. तीही सोय तिने ठेवली नाही.

शुक्रवारी सकाळी बाई चिडूनच कामाला लागल्या. शहाणपणा शिकवायला आली होती. आता असा अहवाल लिहीन की वरच्या मजल्यावर पुन्हा तोंड उघडणार नाहीत. रोजच्या रसातून एक बोटाएवढी कांडी ओतून, मोडून, कड बघून, तारखेच्या पाकिटात घालून ठेवायची त्यांची पद्धत होती. नळ्यांची किचकट परीक्षा त्या क्वचितच करत. कड बघून भागत असे. आज त्यांनी नुसती मंगळवारची कांडी घेतली नाही. गेल्या दीड महिन्याची सगळी पाकिटं काढली. बाकी सगळे दिवस स्वच्छ आणि मंगळवार तेवढा घाणेरडा, हे त्यांना एका ओळीत मांडून दाखवायचं होतं.

प्रत्येक कांडीतून थोडा भुगा पाडला, आम्लात विरघळवला, आणि त्यात ते द्रावण टाकलं ज्याने लोखंड असेल तर लाल रंग चढतो. लोखंड जितकं जास्त, रंग तितका गडद. दुपारपर्यंत परीक्षानळ्या तारखेनुसार घडवंचीत लागल्या.

पहिल्या तीन आठवड्यांच्या नळ्या सारख्याच होत्या, फिक्कट गुलाबी. कोणत्याही भंगारात असतं तेवढं लोखंड. मग एके दिवशी रंग किंचित चढला होता. दुसऱ्या दिवशी आणखी. तिथून पुढे तो रोज चढतच गेला होता, एक पायरी, आणखी एक पायरी, आणि मंगळवार त्या जिन्यावर कुठे उठूनही दिसत नव्हता. बुधवार मंगळवारपेक्षा लाल होता. गुरुवार रक्तासारखा.

बाईंनी आधी द्रावणाच्या बाटलीला नावं ठेवली. मग बाटली विकणाऱ्याला. मग नवी बाटली फोडून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तोच जिना. रोज एवढा-एवढासाच फरक पडत गेला होता, म्हणून रोज कड बघूनही त्यांच्या नजरेला ती चमचम कधी नवी वाटली नव्हती.

भंगार तर रोज वेगळं येतं. बोल्ट एखाद्या दिवशी राहील, रोज राहणार नाही, आणि मोजून-मापून रोज थोडा जास्त तर नाहीच नाही. लोखंड घरातूनच येत होतं. ओतल्यावर साच्याच्या वाटांमध्ये गोठलेलं अ‍ॅल्युमिनियम तोडून दुसऱ्या दिवशी परत भट्टीत जातं, त्याबरोबर आदल्या दिवसाचं लोखंडही परत जातं, त्यात आजची भर पडते. म्हणून जिना. एवढं कळलं, तरी भर कसली ते कळेना. पहिल्या पायरीच्या आसपासची एक तारीख मात्र त्यांना कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती. खोलीत कुठेच सापडेना, तेव्हा त्या बाहेर आल्या. ती खांबावर होती. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीवर, पहिल्या पायरीच्या आदल्या दिवसाची.

परत येऊन त्यांनी फळीवरचं कॉलेजातलं पुस्तक काढलं. अ‍ॅल्युमिनियमच्या प्रकरणात ते वाक्य होतंच. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम उघडं लोखंड खातं. म्हणून रसात जाणाऱ्या लोखंडी हत्यारांना खडूसारख्या पदार्थाचा लेप द्यावा. वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, "महत्त्वाचं". अक्षर त्यांचंच, तीस वर्षांपूर्वीचं. परीक्षेत त्यांनी ते लिहिलंही होतं आणि गुण पटकावले होते. त्या वाक्याची आणि खऱ्या पळीची मात्र तीस वर्षांत एकदाही गाठ पडली नव्हती. बाईंनी आयुष्यभर अनेकांना गाढव म्हटलं होतं, पण गाढव निदान पुस्तक पाठीवर वाहताना त्यावर रेघा तरी मारत नाही.

यानंतर त्यांनी जे केलं ते फारसं शोभणारं नव्हतं. कोरा कागद घेऊन त्यांनी लिहिलं, "मंगळवारच्या रसात लोखंड मर्यादेच्या दुपटीहून अधिक आढळले." अक्षर न् अक्षर खरं. खाली सही केली की संपलं. कोणालाही कधी कळलं नसतं. दिराला कळलं असतं, पण त्याला कळून काय उपयोग, त्याला सांगता थोडंच येणार होतं.

बराच वेळ तो कागद त्यांच्यासमोर पडून राहिला. मग त्यांनी माल गेल्याची नोंद काढली. तीन आठवडे. दोनशे चौदा ब्रॅकेट. एका खुर्चीला दोन. एकशे सात पोरं. मंगळवारचे बारा परत आले तर सहा पोरांची सोय होणार होती, आणि उरलेली एकशे एक कुठल्या ना कुठल्या पायरीवरून, कुठल्या ना कुठल्या खड्ड्यातून चालली होती. बाईंची स्वतःची मुलगी पहिलं पाऊल टाकताना पडली होती तेव्हा त्यांनी जमिनीला दोष दिला होता. इथे जमिनीवर ढकलता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी कागद फाडला.

शनिवारी सकाळी मालकांपुढे उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. सूचना माझी, चूक माझी, भट्टीवाल्याचा संबंध नाही, तीन आठवड्यांचा सगळा माल परत बोलवा.

मालक ऐकता ऐकता मऊ झाले. "बसा, बाई. मी समजू शकतो."

"काय समजू शकता?"

"शेवटी घरचा माणूस आहे. सख्खा दीर. घरात रडारड झाली असेल. तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एकोणीस वर्षांत त्यांच्यावर मायेचा आळ कोणी घेतला नव्हता.

"मी त्याला वाचवत नाही आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला खरं सांगते आहे."

"तुमची चूक? तुमची?" मालक चक्क हसले. "बाई, निदान पटेल असं तरी काहीतरी सांगा. आणि एकशे सात खुर्च्या परत बोलवायच्या तर बाजारात माझं तोंड काळं होईल. मंगळवारचे बारा बोलवू. ते ठरलंय."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, तर घ्यायला कोणी तयार नाही. बाई तणतणत बाहेर पडल्या. गोदामातून त्यांनी न वापरलेली चौथी पळी आणवली, त्याच दुकानातली, त्याच मापाची. वापरातल्या तिन्ही पळ्या प्लास्टिकच्या टबात ठेवून त्यावर कॉस्टिकचं गरम पाणी ओतलं. पाणी फसफसू लागलं. "हे पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं, लोखंडाला हात लावत नाही," त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. "पळीला चिकटलेला माल सगळा निघून जाईल. राहील ते नुसतं लोखंड." मालकही शेवटी खोलीतून बाहेर आले. बाकी काही नाही, तरी यंत्रं का थांबली ते बघायला.

फसफस थांबल्यावर पळ्या धुऊन, पुसून काट्यावर चढल्या. नवी पळी दोन किलो चारशे ग्रॅम. जुनी पहिली, एक किलो सातशे. दुसरी, एक किलो सहाशे ऐंशी. तिसरीची कड इतकी पातळ झाली होती की बाईंनी अंगठ्याने दाबली तर लवली.

"सातशे ग्रॅम कमी आहे," बाई मालकांना म्हणाल्या. "एकेका पळीत. ते लोखंड कुठे आहे, विचारा मला."

"कुठे आहे?"

"पोरांच्या खुर्च्यांत."

पोतं घेऊन आलेला भंगारवाला मागून पुढे सरकला. "म्हणजे बाई, माझं भंगार चांगलं होतं?"

"तुझं भंगार घाणच होतं. या वेळी त्याची गरज पडली नाही."

मालकांनी पळीची ती लवणारी कड स्वतः दाबून बघितली, आणखी एकदा दाबली, आणि दिराकडे वळून म्हणाले, "तू जा, भट्टी पेटव." मग बाईंना म्हणाले, "कंपनीला फोन तुम्ही करायचा. आणि एकेका घरीसुद्धा तुम्हीच." ही शिक्षा त्यांना मोठी युक्तीची वाटली असावी.

बाईंनी दिराची माफी वगैरे मागितली नाही. खांबावरची सूचना फाडून नवी लिहिली, कारणासकट, आणि त्याच्या हातात दिली. "वाच."

त्याने वाचली. "लेप लावायचा."

"कारणही दिलंय."

"लांब आहे. लेप लावतो मी." मग तो जमिनीला म्हणाला, "तो पांढरा कण मात्र माझाच, वहिनी. जुना लेप खरवडून मगच नवा लावायचा असतो, आणि नीट तापवून सुकवायचा असतो. उस्ताद सांगायचे. मी आळस करून थरावर थर देत गेलो."

"हे त्या दिवशी सांगता आलं नाही?"

"तुम्ही घड्याळ बघत होतात."

एकशे सहा खुर्च्या महिन्याभरात परत येऊन, ब्रॅकेट बदलून गेल्या. एक येईना. फोनवर एक बाई दर वेळी सांगे, खुर्ची उत्तम चालते, आम्हाला काही बदलायचं नाही, आणि फोन ठेवून देई. शेवटी एका रविवारी चाळणीबाई दिराच्या स्कूटरवर मागे बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. पिशवीत तीन नवे ब्रॅकेट. लागणार दोन होते, पण दोनावर विसंबून निघतील त्या चाळणीबाई कसल्या.

तळमजल्यावरच्या दारात ती बाई चौकटीवर हात ठेवून उभी राहिली, रस्ता अडवून. मागे खुर्चीत आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती.

"दीड वर्ष थांबून मिळालीय ही. परत नेलीत तर कधी आणाल? सगळे असंच सांगून नेतात."

"असं बघा," चाळणीबाईंनी सुरुवात केली, "या मिश्रधातूत लोखंडाचं प्रमाण..."

"मला शाळा नका शिकवू."

दीर दाराशी उकिडवा बसला आणि पाना काढला. "नेत नाही, ताई. इथेच बदलतो, तुमच्या डोळ्यांसमोर. पाच मिनिटं लागतील."

त्या बाईने त्याच्या दंडांवरचे ठिपके बघितले, अधू डोळा बघितला, आणि कशामुळे कोण जाणे, मुलीला उचलून पलंगावर बसवलं, रिकामी खुर्ची दारापाशी ओढली आणि पुन्हा चौकटीवर हात ठेवला. दिराने जुना ब्रॅकेट सोडवला, दाराच्या पायरीवर ठेवला आणि हातोडी उचलून एकच घाव घातला. ब्रॅकेटचे तीन तुकडे झाले. एक तुकडा घरंगळत आईच्या पायाशी जाऊन थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. चौकटीवरचा हात खाली आला होता.

"आता नवीनपण मारा," पलंगावरून मुलगी म्हणाली.

"त्याची गरज नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "त्याची परीक्षा झालेली आहे."

"कोणी घेतली?"

"मी."

"आणि जुन्याची?"

चाळणीबाईंनी पिशवीचा बंद उगाच सारखा केला. "मीच," त्या म्हणाल्या.

"मग मारा."

दिराने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पिशवीतून नवा ब्रॅकेट काढून स्वतःच्या हाताने पायरीवर ठेवला आणि त्या बाजूला झाल्या. पहिला घाव बसला. ब्रॅकेट चेपला. दुसऱ्या घावाला कोपरासारखा वाकला. तिसऱ्याला आणखी वाकला, पण मोडला नाही. दिराने तो उचलून मुलीच्या हातात दिला. तिने वाकलेल्या जागेवरून बोट फिरवलं, आईला दाखवला, आणि आईनेही बोट फिरवलं.

"बसवा," आई म्हणाली.

उरलेले दोन ब्रॅकेट पिशवीतून निघाले. दीर खाली वाकून बोल्ट आवळू लागला, आणि चाळणीबाईंनी खुर्ची हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.